थोरल्याची वाटी

आमच्या घरात एक रीत होती. नवं माणूस घरात आलं की सव्वा महिना त्याच्या ताटात आधी वाढायचं, बाकीच्यांनी थांबायचं. होती म्हणते, कारण ती मी मोडली. सासूबाई अजून आल्यागेल्याला सांगतात की धाकटीने घराची रीत बुडवली. बुडवली तर बुडवली. या रीतीपायी माझ्या ओटीवर एका पाखराच्या पायाचं बोट गेलं, दुसऱ्याला घराबाहेर काढायची तयारी झाली, आणि हे सगळं मी माझ्या हाताने वाढून केलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिला पक्षी आमच्याकडे आला त्याला आता आठ वर्षं होतील. मुंबईची माझी मावसबहीण परदेशी निघाली, तिचा पक्षी कुणी घेईना, म्हणून मी चौलला घेऊन आले. पिवळाधमक, पंखांना हिरवी कड, गालांवर शेंदरी रंग. कॉन्युर म्हणतात त्या जातीला. आपल्या रानातला हिरवा पोपट पाळायला बंदी आहे. हा परदेशी, त्याची रीतसर कागदपत्रं होती. माझ्या मुली लग्न होऊन गेलेल्या, नवरा उरणला कंटेनर यार्डात, आठवडाभर तिकडेच. घरात मी आणि सासूबाई. त्यामुळे हा पक्षी सकाळी माझ्या डाव्या खांद्यावर चढायचा तो संध्याकाळीच उतरायचा. मी वाडीत सुपाऱ्या वेचायला गेले तरी खांद्यावर, चुलीपाशी गेले की खिडकीच्या गजावर. त्याला एकच शब्द यायचा, ‘गप’. तो कुणाकडून शिकला हे सांगायला नको.

शनिवारी संध्याकाळी नवरा घरी यायचा आणि दर शनिवारी पक्षी त्याला चावायचा. त्याने पेरूची फोड पुढे केली की फोड टाकून बोट धरायचा. “माझ्याच घरात हा मला चावतो,” असं नवरा इतक्या वेळा बोलला की मी ऐकणं सोडून दिलं. वर पक्षी त्याला म्हणायचा, “गप.” मला हसू यायचं. हसायला नको होतं, कारण माणूस आतून जळत होता. पन्नाशीचा बाप्या एका वीतभर पाखरावर जळतो हे मला तेव्हा खरं वाटलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी, वालाच्या शेंगा सोलायच्या दिवसांत, तो भोकं पाडलेला खोका घेऊन आला. खोक्यात दुसरा कॉन्युर. तरुण, बारीक, घाबरून कोपऱ्यात चिकटलेला.

“याला सोबत आणली,” नवरा म्हणाला. “टेन्शन नको घेऊ. दुकानवाला बोलला, दोघांना एका पिंजऱ्यात सोडायचं, दोन दिवसांत दोस्ती.”

सोबत कसली? त्याला स्वतःचा एक पक्षी हवा होता, त्याच्या बोटाला न चावणारा. तसं सरळ सांगितलं असतं तर मी दुसरा पिंजरा आणला असता. पण आमच्याकडे पुरुष सरळ सांगत नाहीत आणि बायका सरळ विचारत नाहीत.

सासूबाईंनी नव्या पक्ष्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग मी पेरूच्या फोडी घेऊन पिंजऱ्याशी गेले आणि सवयीने आधी जुन्याच्या वाटीकडे हात नेला, तर मागून ओरडल्या, “अगं, पावना हाय तो! पावन्याला आदी वाढतात, येवढं पन कलत न्हाय तुला?”

मी हात वळवला. त्या दिवसापासून जुना तो थोरला झाला आणि नव्याला आधी मिळू लागलं.

मला ती रीत गोड वाटायची, हे कबूल करते. का नाही वाटणार? चौतीस वर्षांपूर्वी सून होऊन आले तेव्हा तिचा लाभ मलाच झाला होता. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वयनी म्हणते, त्या माझ्या आधी नऊ वर्षं त्या घरात राबत होत्या. सव्वा महिना त्यांनी मला आधी वाढलं. माशाची मधली तुकडी मला, गरम भाकरी मला, आणि माझं होईपर्यंत त्या पळी धरून उभ्या. तोंड घट्ट मिटलेलं. मी माहेरी जाऊन सांगितलं, थोरली जाऊ जळकी आहे. सगळे हसले. पुढे पंधरा वर्षांपूर्वी दीर आणि वयनी वेगळे होऊन रेवदंड्याला राहायला गेले, तेव्हाही मी हेच म्हटलं, जळकी होती म्हणून गेली. महिन्यातून एकदा त्या रिक्षाने येतात, सासूबाईंसाठी सुके बोंबील आणि जवळा आणतात, तासभर बसतात आणि जातात. माझ्याशी बोलणं जेवढ्यास तेवढं.

तर थोरला. पहिल्या दिवशी तो दांडीच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशी मी नव्याला हातावर घेऊन हिंडवलं, घर दाखवलं. खाली ठेवून थोरल्याला घ्यायला गेले तर त्याने माझ्या कानाची पाळी धरून ओढली. आठ वर्षांत (तेव्हा सहाच झाली होती) त्याने मला कधी ओरखडा काढला नव्हता. मी त्याला काय म्हटलं असेल? “शरम नाही वाटत? मोठा आहेस ना तू? समजून घ्यायला नको?”

पाखराला समजून घे म्हणणारी मी शहाणी.

त्याने सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. नवा जवळ आला की बुबुळ लहानमोठं करायचा. मान खाली घालून दांडीवरून धावत जायचा. मानेवरची पिसं उभी करायचा. वाटीत पाय रोवून उभा राहायचा, खायचा नाही आणि खाऊ द्यायचा नाही. छातीवरची पिसं उपटायला लागला होता, खाली पिवळा कचरा पडायचा तो मी रोज झाडून टाकायचे. झाडता झाडता त्यालाच बोलायचे. एक दिवस त्याने नव्याच्या पाठीत चोच मारली तर मी त्याला उचलून न्हाणीघरात कोंडलं. अंधारात. दुपारभर. माजला आहे, म्हटलं, उतरू दे जरा.

नेमक्या त्या दिवशी वयनी आल्या. आतून ओरडणं ऐकून म्हणाल्या, “कोनाला कोंडलंस?”

“थोरल्याला. नव्याला बघवत नाही त्याला.”

वयनींनी बोंबलांची पिशवी सासूबाईंपाशी ठेवली, पाट घेतला आणि न्हाणीघराच्या दाराला टेकून बसल्या. तासभर. चहा तिथेच घेतला. त्या दाराशी बसल्यावर आतलं ओरडणं हळूहळू थांबलं. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. माझ्या घरात येऊन माझ्या पाखराची बाजू घेते म्हणजे काय, असं मनात म्हणत मी वालाच्या शेंगा सोलत बसले.

चौथ्या आठवड्यात सासूबाईंनी पिंजऱ्यात मडकं टांगलं. आमच्याकडे पाखरांसाठी वळचणीला मडकं टांगतातच, चिमण्या घरटं करतात. त्यांना वाटलं, पोरांना घर होईल. घर झालं खरं. थोरला त्यात शिरला आणि तोंडाशी फणा काढल्यासारखा बसला. घरट्याची जागा दिसली की ही जात पेटते, हे मला कुठून माहीत असणार. मी मात्र रीत सोडली नाही. नव्याला हातावर घेतलं, त्या मडक्यासमोर धरलं आणि शिजवलेल्या मक्याचे दाणे आधी त्याला भरवू लागले, मोठ्याने लाडाचं बोलत. थोरल्याला ऐकू जावं म्हणूनच बोलत होते. हे आता लिहिताना हात थांबतो, पण तसंच होतं. त्याला धडा शिकवत होते मी.

तो मडक्यातून सुटला आणि नव्याच्या पायाला चिकटला. मी ओढला तरी सोडेना. सोडला तेव्हा नव्याच्या उजव्या पायाचं एक बोट पेरापासून लोंबत होतं, आणि त्या एवढ्याशा अंगातून माझ्या पदरावर एवढं रक्त सांडलं की सासूबाई भिंत धरून खाली बसल्या. मी तांदळाचं पीठ मुठीने दाबलं, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षाने अलिबागला गेले.

डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. बोट वाचलं नाही. तिने टोक काढलं, पट्टी केली आणि मग मला विचारलं, “दोन पिंजरे नव्हते?”

“नव्हते.”

“नवा आणल्यावर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवला होता?”

“नाही.”

“आधी कुणाला खायला देता?”

मी ताठ मानेने सांगितलं, नव्याला. पाहुण्याला आधी. त्या पोरीने हातमोजे काढून टाकले. मग म्हणाली, “मावशी, त्याला पाहुणा कळत नाही. त्याला एवढंच कळतं की काल मी पहिला होतो आणि आज नाही. नवा आला की आपलं जातं, हे तुम्ही त्याला रोज शिकवत होतात. नवा आला की आपल्याला मिळतं, हे शिकवायला हवं होतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढीशी पोर मला वाढायला शिकवते! परतीच्या वाटेवर रिक्षात मी तिला मनातल्या मनात खूप सुनावलं. नागाव मागे पडलं तशी सुनावण्यासारखं काही उरलं नाही. मग ‘काल मी पहिला होतो’ हे वाक्य नुसतं डोक्यात घोळत राहिलं, आणि मला उगाचच पळी धरलेला एक हात दिसायला लागला. मी मान झटकली. पाखराचं काय चाललंय आणि तुला काय आठवतंय, म्हटलं.

शनिवारी नवरा आला. पट्टी बघितली आणि खुर्चीत बसायच्या आधीच निकाल दिला. “थोरल्याला घालवायचा. यार्डातल्या एका ओळखीच्याला पक्षी हवाय. तीन आठवड्यांनी इकडे येतोय तो, तेव्हा घेऊन जाईल. बोललो मी त्याला.”

“मला न विचारता?”

“विचारायचं काय त्यात? चावरा पक्षी घरात कोण ठेवतं?”

सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे त्याला. नजर वाईट हाय त्याची.”

मी त्या दिवशी दोघांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच म्हणते, नवरा त्या आठवड्यात शनिवारी आला आणि रविवारी सकाळीच उरणला परतला.

माझ्याकडे तीन आठवडे होते. दुसरा पिंजरा आणला. नवा मागच्या खोलीत, थोरला ओटीवर. मडकं काढून अंगणात आपटलं, सासूबाईंच्या समोर. सकाळी उठले की आधी थोरल्याशी बोलायचं, आधी त्याच्या वाटीत घालायचं, आधी त्याला बाहेर काढायचं. नव्याचं सगळं नंतर, पण कमी नाही. जखम भरत आल्यावर नव्याचा पिंजरा ओटीच्या दुसऱ्या टोकाला आणला. तो नजरेला पडला की त्याच क्षणी थोरल्याला सूर्यफुलाच्या बिया. नवा आत गेला की बिया बंद. रोज पिंजरा एक लादी पुढे. थोरल्याची पिसं उभी राहिली की दोन लाद्या मागे, ना ओरडणं ना कोंडणं. वाट्या दोन, झोके दोन, सारख्या उंचीवर. अंधार पडला की दोघांवर कापड, पूर्ण बारा तास. पहिल्या आठवड्यात थोरला माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. बी घ्यायचा आणि पाठ करायचा. खांद्यावर यायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात छातीवर कोवळी पिसं दिसली. तिसऱ्यात दोन पिंजऱ्यांमध्ये तीन लाद्या उरल्या आणि दोघे एकाच वेळी, आपापल्या वाटीत, तोंडं खाली घालून खाताना मी बघितले. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. रागानेच रडले. इतकं सोपं होतं, आणि मी त्यापायी एकाचं बोट घालवलं.

रोज सासूबाईंची कटकट चालूच होती. “पाय तुटलेल्या पोराला मागून वाढतेस. पाप हाय.” एकदा मी वाटी आपटलीच. “तुमच्या रीतीनेच तुटला तो!”

“रीत व्हती. कोन मेलं तिनं?” त्या म्हणाल्या.

मी वाटी उचलली आणि आधी थोरल्याकडेच गेले.

तिसऱ्या शनिवारी दुपारी यार्डातला तो माणूस पिंजरा घेऊन दारात आला. नवरा त्याच्या सोबतच आला होता. आणि वयनीही त्याच दिवशी आल्या होत्या, ओटीच्या कडेला बसून सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावत होत्या. नवऱ्याने थोरल्याच्या पिंजऱ्याला हात घातला. थोरल्याने त्याचं बोट फोडलं. मी मध्ये उभी राहिले.

“हा जाणार नाही.”

“अगं, शब्द दिलाय मी.”

“मग तुम्ही जा त्याच्या घरी. हा जाणार नाही. बघा तरी, तीन लाद्यांवर आलेत दोघं. कुणी कुणाला चावत नाही आता.”

माणूस दारात अवघडून उभा. नवऱ्याने बोटाचं रक्त पँटला पुसलं आणि म्हणाला, “ठीक आहे. दोन पक्षी तर या घरात नांदत नाहीत. हा नाही तर तो. नव्याला ने रे बाबा. नाहीतरी लंगडाच झालाय.”

आणि मला हायसं वाटलं. खरं तेच लिहिते. थोरला राहतोय ना, मग जाऊ दे तो दुसरा, तो आला म्हणूनच हे सगळं झालं. मी बाजूलाही झाले होते. “न्या,” असं म्हणाले मी. स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“थांब,” वयनी म्हणाल्या.

त्या घरात वयनींनी मोठ्याने काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी तेलाचे हात पदराला पुसले. नवऱ्याकडे बघितलं नाही, सासूबाईंकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “त्याने काय केलंय? तुला घालवा असं मी कदी बोल्ले न्हाय. तू येन्याच्या आदी माजी एक जागा व्हती, ती मला ठेवा, येवढंच व्हतं माजं.”

मी नव्याच्या पिंजऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी लुगडं गुडघ्यावर ओढून घेतलं. यार्डातल्या माणसाने आपला रिकामा पिंजरा उचलला, नंतर फोन करतो असं काहीतरी पुटपुटला आणि गेला.

त्याला आता दोन वर्षं झाली. दोन्ही पक्षी ओटीवर आहेत, दोन पिंजऱ्यांत, मध्ये एक लादी ठेवून. ती लादी मी मिटवणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, काहींना तेवढी लागतेच. नवा नवऱ्याचा झाला, शनिवारी त्याच्या पोटावर झोपतो, तीन बोटांच्या पायाने शर्ट धरून. थोरला माझ्या खांद्यावर परत आला, पण कानापासून लांब, दंडाच्या बाजूला बसतो. मी ते चालवून घेते.

वयनींची माफी मी अजून मागितलेली नाही. राग सगळ्यांचा येतो मला. सासूबाईंचा, नवऱ्याचा, त्या दुकानवाल्याचा. आणि वयनींचाही येतो. एकदा तरी पळी आपटायची होती त्यांनी, माझ्या ताटात आपटायची होती. मग मला माझंच ताट दिसतं, आणि मी खालमानेने जेवते आहे, मधली तुकडी. थोरल्याने बोट तोडलं म्हणून मी धावतपळत अलिबागला गेले आणि त्याला काय हवं ते विचारून आले. वयनींनी कुणाचं काही तोडलं नाही, त्यामुळे बत्तीस वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.